नाटक कुठे थांबवायचे?

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. आपल्याकडे शाळा उघडून दोन आठवडे होतात न होतात तोच तो येतो. पुस्तकांचे वाटप चालू असते, नवे प्रवेश चालू असतात, आणि अशा धांदलीत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेऊन अहवाल पाठवण्याचे पत्र येऊन पडते. मग व्याख्यान, प्रभातफेरी, शपथ किंवा पथनाट्य यांपैकी काहीतरी ठरते. मुलांना विचारले तर ती अर्थातच पथनाट्य मागतात.

सोलापूर–विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपला एका शाळेच्या पटांगणात असेच एक पथनाट्य आम्ही पाहिले. करणारे महाविद्यालयातील विद्यार्थी होते. त्यांची तळमळ खरी होती, आवाज खणखणीत होते, हलगीवाला तर फारच तयारीचा होता. गोष्ट नेहमीचीच. एक हुशार मुलगा मित्राच्या नादाने मावा खातो, माव्यावरून दारूवर जातो, आईचे मंगळसूत्र विकतो, बायकोला मारतो, आजारी पडतो. शेवटी यमराज येतो आणि त्याला घेऊन जातो. मग सगळे नट ओळीने उभे राहून ‘आजची तरुण पिढी व्यसनात बुडाली आहे’ असे सांगतात आणि मुलांकडून शपथ घेतात. वीस मिनिटांत सारे संपते.

मुलांना नाटक आवडले. सर्वांत जास्त हशा कोणी मिळवला? झिंगलेल्या बापाने. त्याचे अडखळणे, खांबाला मिठी मारणे, चपलेशी बोलणे यावर पटांगण लोटपोट झाले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीन-चार मुले हुबेहूब तसेच झोकांड्या देत चालत होती. यमराजाची नक्कल मात्र कोणी करीत नव्हते. आणि आदल्या दिवशी सगळे हसत असताना कडेला बसलेला एक मुलगा मान खाली घालून मातीत रेघा ओढत बसला होता, हेही आमच्या नजरेतून सुटले नाही. त्याच्या घरी काय चालले आहे ते वर्गशिक्षकांना ठाऊक होते. नाटक ज्यांच्यासाठी होते त्यांतला तो पहिला. त्याच्या वाट्याला त्यातून फक्त लाज आली.

या पथनाट्याला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. अशी शेकडो पथनाट्ये गावोगाव होतात. ती करणारे बहुधा पदरमोड करून करतात. पण चांगल्या हेतूने केलेली गोष्ट तिचे काम करते की नाही, हे तपासणे विज्ञान शिकवणाऱ्यांचे कर्तव्यच आहे. औषध गोड आहे म्हणून ते गुणकारी आहे असे आपण म्हणत नाही. तोच न्याय नाटकालाही लावला पाहिजे.

तळीराम कोणाला आठवतो?

दारूच्या दुष्परिणामांवरचे मराठीतले सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. ते रंगभूमीवर आले १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. सिंधूच्या दुःखाने प्रेक्षक रडत, आणि सुधाकराचा सर्वनाश पाहून सुन्न होऊन घरी जात. तरीही शंभर वर्षांनंतर त्या नाटकातले बोलीभाषेत उतरलेले नाव कोणते? तळीराम. कोणी पिणारा दिसला की आपण थट्टेने आणि थोड्या मायेनेही त्याला तळीराम म्हणतो. ज्याचा धाक वाटावा म्हणून लेखकाने पात्र उभे केले, त्याच्यावरच लोकांनी लोभ केला. पटांगणातला झोकांड्या देणारा बाप हा त्या तळीरामाचाच वंशज आहे.

पण त्याच नाटकात आपल्या कामाचे दुसरेही काही आहे. सुधाकर पहिला प्याला का घेतो? दारू वाईट असते हे त्याला माहीत नसते म्हणून नव्हे. तो वकील आहे, शिकलेला आहे. त्याची सनद काही काळासाठी रद्द होते, अपमान त्याला सहन होत नाही, आणि नेमक्या त्या घडीला तळीराम शेजारी असतो. मनाची आग, जवळचा माणूस आणि पुढे केलेला प्याला या तीन गोष्टी एकत्र येतात. माहिती त्या क्षणी कुठेच आड येत नाही. गडकऱ्यांनी हा क्षण अचूक हेरला आहे. आपली पथनाट्ये मात्र तो एका मिनिटात उरकतात आणि उरलेली एकोणीस मिनिटे परिणाम दाखवण्यात घालवतात. चौदा वर्षांच्या मुलासमोर प्रश्न असतो तो पहिल्या प्रवेशाचा, आणि आपण त्याला उत्तर देतो ते शेवटच्या अंकाचे.

भीतीचे गणित

भीती दाखवली की माणूस सावध होतो, ही समजूत आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. शाळांतील व्यसनप्रतिबंधाच्या बाबतीत अनुभव वेगळा आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन मुलांना अमली पदार्थांविषयी शिकवत. तो देशभर पसरला. पालक खूश होते, पोलीस खूश होते. पण १९९४ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागणुकीवर त्याचा परिणाम नगण्य निघाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा वर्षांपूर्वी हा कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत फरक आढळला नाही. लोकप्रियता आणि परिणाम या दोन निराळ्या राशी आहेत, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१८ साली प्रतिबंधाविषयीच्या मार्गदर्शक मानकांची सुधारित आवृत्ती काढली. नुसते व्याख्यान, केवळ माहिती, त्यातही भीती घालणारी माहिती, आणि पूर्वी व्यसनी असलेल्या व्यक्तीचे अनुभवकथन, या गोष्टींची शाळेत उपयोग न होण्याशी किंवा उलटा परिणाम होण्याशी सांगड दिसते, असे त्यात म्हटले आहे. अनुभवकथनाचा उल्लेख वाचून अनेक शिक्षकांना आश्चर्य वाटेल. पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रात माणसाने आपली कहाणी गटासमोर सांगणे हा उपचाराचा भाग असतो, आणि तिथे त्याची किंमत मोठी आहे. पण तीच कहाणी आठवीच्या वर्गात सांगितली तर? मुलाला ऐकू येते ते असे : हे काका पंधरा वर्षे पीत होते, मग त्यांनी सोडली, आज ते ठणठणीत आहेत आणि सगळे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवताहेत. रुग्णाचे औषध निरोग्याला देऊ नये, इतका साधा हा मुद्दा आहे.

भीती का चालत नाही, याचे एक कारण वयात आहे. कुमारवयात मेंदूतील सुखाची, बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा जोरात असते, आणि लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळातून एक प्रयोग केला. १३ ते १६ वयाची मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याहून कितीतरी अधिक धोका मित्र बघत असताना पत्करत. प्रौढांत असा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे मुलाला धोका कळत नाही असे नाही. मित्रांसमोर त्या कळण्याचे वजन कमी होते. कर्करोगाचे चित्र भिंतीवर असते, मित्र मात्र खांद्याला खांदा लावून उभा असतो.

‘तरुण पिढी व्यसनात बुडाली आहे’ हे शेवटचे वाक्यही असेच तपासून पाहावे. २०१९ सालच्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे सेवन करणारी आढळली. हे प्रमाण काळजीचे आहेच. पण याचा दुसरा अर्थ असा, की शंभरातली एक्याण्णव मुले त्या वाटेला गेलेली नाहीत. ‘सगळेच खातात’ असे व्यासपीठावरून सांगितले, की न खाणाऱ्याला आपणच वेगळे आहोत असे वाटू लागते. आपण त्याला धीर देण्याऐवजी एकटे पाडतो.

प्रेक्षक उठतो तेव्हा

मग नाटक सोडून द्यावे काय? नाही. नाटक थांबवावे, पण योग्य जागी.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी नाटकाचा एक प्रकार रूढ केला. मराठीत त्याला ‘चर्चानाट्य’ म्हणता येईल. त्याचा जन्म १९७३ साली पेरू देशातील साक्षरता मोहिमेत झाला. तेव्हा बोआल नाटक पेचाच्या प्रसंगी थांबवून प्रेक्षकांना उपाय विचारत, आणि नट तो करून दाखवत. एकदा एका बाईने सुचवलेला उपाय नटांनी पुन्हा पुन्हा करून दाखवला, तरी तिचे समाधान होईना. शेवटी बोआल यांनी तिलाच रंगमंचावर बोलावले. तिने तो प्रसंग स्वतः करून दाखवला आणि बोआल यांच्या ध्यानात आले, की प्रेक्षकाने सांगणे आणि प्रेक्षकाने करणे यांत फार अंतर आहे. पुढे संजय गांगुली यांच्या ‘जन संस्कृती’ या संस्थेने पश्चिम बंगालच्या खेड्यांत ही पद्धत रुजवली.

आपल्याला हे अगदीच परके नाही. तमाशातला सोंगाड्या समोरच्या माणसाला बोलण्यात ओढतो, भारूड करणारा श्रोत्यांना प्रश्न विचारतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २०१३ मधील हत्येनंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना घेऊन ‘रिंगणनाट्य’ उभे केले, त्यातही प्रेक्षक चारी बाजूंनी नटांच्या हाताच्या अंतरावर बसतो. अंतर कमी झाले ही मोठीच गोष्ट. पण गोष्ट आधीपासून ठरलेली असेल, तर रिंगणातला प्रेक्षकही प्रेक्षकच राहतो. प्रतिबंधासाठी आणखी एक पाऊल टाकावे लागते : गोष्टीचा पुढचा भाग मुलांच्या हाती द्यावा लागतो.

यामागे एक जुनी कल्पना आहे. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडले, की लसीत जसा दुबळा केलेला जंतू देतात आणि शरीर प्रतिकाराचा सराव करते, तसे दडपणाचा सौम्य नमुना देऊन मनालाही सराव देता येईल. चर्चानाट्य म्हणजे असा सरावच. आणि तो मित्रांच्या देखत होतो, म्हणजे जिथे पाय घसरतो नेमक्या त्याच जागी होतो.

मंद्रूपच्या वर्गात

पुढे त्याच शाळेतील नववीच्या एका वर्गात आम्ही दोन शिक्षकांच्या मदतीने हे करून पाहिले. यमराज नाही, हलगी नाही. प्रसंग एवढाच : क्रिकेटचा सामना जिंकून मुले शाळेमागच्या लिंबाखाली बसली आहेत. एकाने खिशातून पुडी काढली. “घे की बे, काय हुतंय? सुपारीच हाय.” बाकीचे बघताहेत. इथे नाटक थांबवले आणि विचारले, “आता याने काय करावे? सांगू नका, येऊन करा.”

पहिला मुलगा आला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे.” सगळा वर्ग हसला. तोही हसला. पाठ केलेले उत्तर मित्रांसमोर टिकत नाही, हे आम्ही व्याख्यान देऊनही पटवू शकलो नसतो. ते अर्ध्या मिनिटात सर्वांना दिसले.

दुसरा मुलगा रागावून निघून गेला. पुडीवाला लगेच म्हणाला, “जा जा, उद्यापासून खेळायला येऊ नको.” वर्ग गप्प झाला, कारण खरी किंमत तीच होती. तिसऱ्याने चेंडू उचलला आणि “आधी तू मला आउट करून दाखव” म्हणत सगळ्यांना मैदानाकडे ओढले. टाळ्या पडल्या. चौथ्याने नुसते “ब्याड” म्हटले आणि तो तिथेच बसून राहिला. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या तोंडचा तो ‘नको’ इतका सहज होता, की पुडीवाल्याला पुढे बोलायला जागाच उरली नाही. मग एक मुलगी उठली. तिने नकार देणाऱ्याची जागा घेतली नाही, बाजूला बसून बघणाऱ्या मित्राची घेतली, आणि म्हणाली, “त्यानं नको म्हटलं ना, मग परत कशाला विचारतोस?” आमच्या मते त्या तासातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच. गटात नाही म्हणणारा एकटा नसतो. गप्प बसणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतला एक बोलला तरी पारडे फिरते.

मातीत रेघा ओढणारा तो मुलगा त्या दिवशीही वर्गात होता. तो उठला नाही. पण या वेळी तो मान वर करून बघत होता.

आमच्याच प्रयोगावर आक्षेप

हा तास छान झाला म्हणून तो परिणामकारक झाला, असे आम्ही म्हणू लागलो तर वर केलेली सगळी टीका आमच्यावरच उलटेल. एका तासाने काही सिद्ध होत नाही. मग पुरावा काय सांगतो?

दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मायत्री’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत वर्गातील गटचर्चा, खेळ, मुलांनीच केलेले नेतृत्व आणि पालकांशी संपर्क असा कार्यक्रम दोन वर्षे चालला. उरलेल्या शाळांशी तुलना केली गेली. शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक होती. तुलनेच्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, तर कार्यक्रमाच्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला. मुंबईत ‘सलाम बॉम्बे’ संस्थेच्या महानगरपालिका शाळांतील जीवनकौशल्य कार्यक्रमाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही कार्यक्रमातील मुलांत तंबाखूचा वापर इतरांच्या सुमारे निम्मा आढळला. मात्र तिथे मोजणी कार्यक्रमानंतरच केलेली होती. गट सुरुवातीला सारखेच होते का, ही शंका त्यामुळे उरते. शिवाय दोन्हीकडे मुलांनी स्वतः दिलेली उत्तरेच आधाराला आहेत.

यावरून दोन गोष्टी म्हणता येतात. मुले स्वतः काही करतात आणि ते बराच काळ चालते, तेव्हा फरक पडण्याची शक्यता असते. आणि नाटक हा त्यातला एक भाग असतो, सगळे काही नव्हे. २६ जूनला एकदा चर्चानाट्य करून अहवाल पाठवला, तर आपण जुन्या चुकीला फक्त नवे नाव दिले असे होईल.

धोकेही आहेत. मावा कसा चोळतात, पुडी कुठे मिळते, हे बारकाईने दाखवू नये; तो उलटा पाठ होतो. पुडीवाल्याची भूमिका प्रत्येक वेळी त्याच मुलाला देऊ नये, नाहीतर ते नाव त्याला वर्षभर चिकटते. विक्रेत्याला एखाद्या जातीचा किंवा तांड्याचा वेष देऊ नये. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर हातभट्टीवर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून देण्यासाठी ग्रामीण पोलिसांना २०२१ साली ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घ्यावे लागले; त्या घरांतील मुलेही आपल्याच वर्गात बसतात. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बायांची मुलेही बसतात. नाटकात त्यांच्या आईला खलनायिका केले, तर ते मूल नाटकापासूनच नव्हे, शाळेपासूनही दूर जाईल. आणि ‘तुझ्या घरी कोण पितो?’ हे वर्गात कधीही विचारू नये. एखादे मूल नंतर एकटे येऊन बोलले, तर ऐकून घ्यावे, गुपित राखावे आणि मदतीचा रस्ता दाखवावा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे, आणि संकटातील मुलांसाठी १०९८.

विज्ञानाच्या शिक्षकाचे काम

“सुपारीच हाय” हे पुडीवाल्याचे वाक्य आम्ही मुद्दाम घातले होते, कारण ते तासाच्या उत्तरार्धात कामाला येते. तंबाखूविना नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढला आहे. माव्यात चुना कशाला, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. हळदीचा कागद करून त्यावर चुन्याची निवळी टाकली, की तो लाल होतो; चुना अल्कधर्मी आहे हे दिसते. अल्कधर्मी माध्यमात निकोटिनचा बराच भाग विद्युतभाररहित रूपात येतो, आणि असे रेणू गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतात. चुना चवीसाठी नाही, निकोटिन लवकर पोचवण्यासाठी आहे. हे कळलेल्या मुलाला कोणी आपल्याला फसवू पाहते आहे याची चीड येते. ही चीड यमराजाच्या भीतीपेक्षा जास्त दिवस टिकते, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक काम भूमितीच्या तासाचे. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलाला विकणे तर कुठेही गुन्हा आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मुलांनी शाळेचा नकाशा काढून त्यावर ९१ मीटरची रेषा आखावी, आणि रेषेच्या आत काय येते ते मोठ्यांनी पाहावे. टपरीवाल्याशी भांडण मुलांनी करायचे नाही. ते मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांचे काम. मुलाने वर्गात नकाराचा कितीही सराव केला, तरी फाटकाबाहेर पुडी लटकत असेल तर आपण त्याच्यावर त्याच्या वयाला न पेलणारे ओझे टाकतो आहोत. आणि गुरुजींच्या स्वतःच्या खिशात डबी असेल, तर त्या दिवशीचे सर्वांत परिणामकारक नाटक तेच ठरते.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये पथनाट्याचा गट शाळेत आला, तर त्यांचे स्वागत जरूर करा. फक्त एक विनंती करा : यमराजाला या वेळी घरी ठेवा, आणि पहिली पुडी पुढे आली की थांबा. पुढचा प्रवेश आमची मुले करतील. मग जुलैत, ऑगस्टमध्ये, दिवाळीनंतर तोच प्रसंग नव्या वळणांनी पुन्हा करा. कोणते उत्तर टिकले, कोणते पडले, याची वहीत नोंद ठेवा. दहा शाळांच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर आज आम्ही जे अंदाजाने म्हणतो आहोत ते तपासून पाहता येईल. आमचे म्हणणे चुकीचे ठरले, तरी त्यातून शिकायला मिळेलच.